डिकीतला किलो, चाकातला किलो

टेस्लाच्या मॉडेल एस प्लेड या गाडीचे अधिकृत आकडे २०२१ मध्ये अमेरिकेत जाहीर झाले. त्यांनुसार १९ इंची चाकांवर ही गाडी एका चार्जमध्ये ३९६ मैल, म्हणजे सुमारे ६३७ किलोमीटर जायची. गाडी तीच, बॅटरी तीच, मोटारी त्याच तीन. फक्त चाकं २१ इंची घेतली की हा आकडा ३४८ मैलांवर, म्हणजे ५६० किलोमीटरवर यायचा. सत्त्याहत्तर किलोमीटर गेले! मुंबईहून निघून जवळजवळ खोपोली गाठण्याइतकं हे अंतर, आणि ते गेलं निव्वळ चाकांच्या हौसेपायी.

पेट्रोलच्या गाडीलाही असा फटका बसतोच. पण तो महिन्याच्या बिलात मुरून जातो, आणि गाडीचा मालक ट्रॅफिकला किंवा पंपावरच्या पेट्रोलला दोष देऊन मोकळा होतो. विजेच्या गाड्यांनी हा हिशेब उघड्यावर आणला, हे बरं झालं.

भारतात तर चाकांचा आकार चाळीस वर्षांत भराभर वाढला. १९८३ साली आलेली मारुती ८०० बारा इंची चाकांवर धावत होती. चाकणमध्ये तयार होणारी महिंद्राची बीई ६ आज १९ इंची चाकांवरही येते, आणि जास्तीचे पैसे मोजले तर २० इंची मिळतात. मधल्या काळात गाड्या उंच झाल्या, जड झाल्या, त्यांचे ब्रेक मोठे झाले. त्यामुळे चाक काही प्रमाणात वाढणारच होतं. पण वाढीतला मोठा भाग केवळ दिसण्यासाठी आहे. जाहिरातीत चाकाच्या कमानी भरलेल्या दिसल्या की गाडी रुबाबदार वाटते, आणि शोरूममध्ये ‘टॉप मॉडेलला डायमंड कट अलॉय’ हे वाक्य ऐकल्याशिवाय गाडीचं बुकिंग होत नाही. त्या अलॉयचं वजन किती, हे मात्र माहितीपत्रकात सहसा छापलेलं नसतं. लांबी, रुंदी, डिकीचे लिटर सगळं असतं. चाकाचे किलो तेवढे नसतात.

टायरच्या बाजूवर उमटवलेला आकडा नीट वाचला की अर्धी गोष्ट उलगडते. २०५/५५ आर १६ म्हणजे टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, तिच्या ५५ टक्के उंचीची साइडवॉल आणि आत १६ इंची रिम. गणित केलं तर या टायरचा बाहेरचा व्यास साधारण ६३२ मिलिमीटर भरतो. आता त्याच गाडीला १७ इंची रिम लावायची तर २२५/४५ आर १७ असा टायर निवडतात, आणि त्याचा व्यास येतो ६३४. म्हणजे बाहेरून चाक होतं तेवढंच राहिलं. आत काय बदललं? रबर आणि हवा यांची जागा धातूने घेतली. रिमची कड केंद्रापासून आणखी बाहेर सरकली, टायर वीस मिलिमीटरने रुंद झाला आणि साइडवॉल ११३ वरून १०१ मिलिमीटरवर आली. चाक ‘मोठं’ झालं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं.

या धातूचं वजन डिकीत ठेवलेल्या सामानासारखं मोजून चालत नाही. डिकीतल्या बॅगेला फक्त पुढे न्यायचं असतं. चाकाला पुढे न्यायचं असतं आणि शिवाय गरगर फिरवायचंही असतं. जातं ओढायला सुरुवात करताना खुंट्यावर जो जोर लावावा लागतो तोच हा जोर, आणि तळी जितकी मोठी नि कडेला जितकी जड, तितका तो जास्त. म्हणून चाकातलं वजन कुठे आहे याला फार महत्त्व येतं. हबजवळचा किलो जवळपास किलोइतकाच भार टाकतो. रिमच्या कडेकडचा किलो वेग घेताना साधारण दीड किलोसारखा वागतो. आणि टायरच्या नक्षीतला, म्हणजे अगदी परिघावरचा किलो पावणेदोन ते दोन किलोंसारखा.

ट्यूनिंगच्या दुकानांत ‘चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ असं छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. पदार्थविज्ञानात दुपटीच्या वर जायला जागाच नाही. खरा हिशेब करून पाहावा: प्रत्येक रिम अडीच किलोंनी आणि प्रत्येक टायर एक किलोने जड झाला, तर काट्यावर चौदा किलो वाढले. वेग घेताना ते बावीस किलोंच्या आसपास भरतात. चालकासह एक टनाच्या गाडीत हे झाले दोन टक्क्यांहून थोडे जास्त. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला बारा सेकंद लागत असतील, तर त्यात पाव सेकंदाची भर पडते. हायवेवर एकदा वेग पकडल्यावर हे कळणारही नाही. शहरात, दर दोनशे मीटरला सिग्नल आणि स्पीडब्रेकर असताना, हीच ऊर्जा पुन्हा पुन्हा चाकात भरायची आणि ब्रेकमध्ये जाळायची, असा प्रकार दिवसभर चालतो.

केवळ वजनाने एवढंच होत असेल तर टेस्लाचे सत्त्याहत्तर किलोमीटर कसे गेले? कारण मोठ्या रिमबरोबर रुंद टायर येतो, बहुधा जास्त चिकट रबराचा, आणि तो रस्त्यावर जास्त ऊर्जा गमावतो. उघड्या, देखण्या आऱ्यांमधून हवा घुसळली जाते, तो अडथळा वेगळाच. ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने २०१० मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फवर १५ पासून १९ इंचांपर्यंतची चाकं चढवून चाचणी घेतली. सगळ्यात लहान चाकाच्या तुलनेत सगळ्यात मोठ्या चाकावर मायलेज सुमारे दहा टक्क्यांनी पडलं आणि ताशी साठ मैलांचा वेग गाठायला सुमारे चार टक्के जास्त वेळ लागला. अलॉयची हौस करणाऱ्याने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर मात्र वेगापेक्षा खड्ड्याचा प्रश्न मोठा आहे. गाडीचं बहुतेक वजन स्प्रिंगच्या वर असतं. चाक, टायर, ब्रेक, हब हे सगळं स्प्रिंगच्या खाली. लहान गाडीत एका कोपऱ्याला हे खालचं वजन तीस-चाळीस किलोंच्या घरात असतं. त्यात साडेतीन किलो वाढले तर ती जवळपास दहा टक्क्यांची वाढ झाली. एक टन गाडीत नगण्य वाटणारे किलो इथे अचानक भारी होतात. जड चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं की ते वर उसळतं, आणि त्याला पुन्हा खाली आणून रस्त्याला टेकवायला शॉकअपला जास्त कष्ट पडतात. तेवढा क्षण टायर हवेत असतो. हवेतल्या टायरला ना ब्रेक लागतो, ना स्टिअरिंग. त्यात साइडवॉल बसकी असेल तर धक्का पचवायला रबरही उरत नाही. पावसाळा संपता संपता टायरवाल्यांकडे साइडवॉलला फुगा आलेले टायर आणि वाकलेल्या रिम जमू लागतात, त्याचं कारण हेच. टायरमधल्या दोऱ्या खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात चिमटतात, तुटतात, आणि आतली हवा तिथून बाहेर डोकावते. असा टायर पॅच मारून वापरायचा नसतो. तो टाकूनच द्यावा लागतो.

मोठ्या चाकाची बाजूही नीट मांडली पाहिजे. बसक्या साइडवॉलचा टायर वळणावर कमी लवचतो, स्टिअरिंगचा हुकूम लगेच पाळतो. आणि रिम मोठी असेल तरच आत मोठी ब्रेक डिस्क मावते. फॉर्म्युला वनने अनेक दशकं १३ इंची रिम जपल्या आणि २०२२ मध्ये १८ इंचांवर उडी घेतली. त्याबरोबर पुढच्या डिस्कचा व्यास २७८ मिलिमीटरवरून सुमारे ३३० झाला. पण चाकंही जड झाली, आणि नव्या सुरक्षाव्यवस्थेच्या वजनासह गाडीची किमान वजनमर्यादा ७५२ किलोंवरून ७९८ किलोंवर न्यावी लागली. इतकी दशकं जगातले सर्वांत वेगवान रेसर आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही लहान रिमवर धावले, याकडे कुणाचं फारसं लक्षच गेलं नाही.

अलॉय म्हणजे हलकं, हा दुसरा पक्का गैरसमज. या समजामागे खरा इतिहास आहे. एत्तोरे बुगाटीची टाइप ३५ ऑगस्ट १९२४ मध्ये लिआँच्या ग्रां प्रीला उतरली ती अॅल्युमिनियमची ओतीव चाकं घेऊन. आठ रुंद, चपटे आरे, आणि ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच ओतलेला. आऱ्यांमुळे ड्रमला वारा लागायचा, चाक काढलं की ब्रेक शू समोर दिसायचे. त्या दिवशी टायरांनीच दगा दिला, त्यांची नक्षी उखडून उडाली आणि बुगाटी सातव्या-आठव्या क्रमांकावर राहिल्या. चाकं मात्र टिकली, आणि ती कल्पनाही टिकली. आज बाजारात मिळणारं स्वस्त ओतीव अलॉय मात्र त्या घराण्यातलं नाही. ओतकामातल्या धातूत सूक्ष्म पोकळ्या राहतात, म्हणून मजबुतीसाठी भिंत जाड ठेवावी लागते, आणि शेवटी ते त्याच गाडीच्या लोखंडी चाकाइतकंच, कधी जास्तही भरतं. वजन खरोखर घटवायचं तर घडवलेलं, म्हणजे फोर्ज्ड चाक लागतं, नाहीतर त्याच्याही पुढे जावं लागतं. फोर्डने शेल्बी जीटी ३५० आर या मस्टँगला कार्बन फायबरची चाकं दिली. तशाच अॅल्युमिनियमच्या चाकाचं वजन १५ किलो होतं, याचं आठ किलोंच्या थोडं वर. किंमत अर्थातच सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची.

व्यास मोठा म्हणजे वाईटच, असंही नाही. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये आणलेल्या आय३ या विजेच्या छोट्या गाडीला १९ इंची चाकं होती, पण टायर होता १५५/७० आर १९. रुंदी जवळपास मारुती ८०० च्या टायरएवढी! उंच चाक कमी वाकत पुढे सरकतं, अरुंद टायर हवा कमी अडवतो, आणि रिम हलकी ठेवली की दोन्हीचा फायदा पदरात पडतो. दुसऱ्या टोकाला टाटांची नॅनो. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने सुमारे सहाशे किलोंच्या या गाडीला बारा इंची चाकं दिली, पुढे १३५ आणि मागे १५५ रुंदीचे टायर, कारण इंजिन मागे होतं आणि वळणावर मागची बाजू घसरू द्यायची नव्हती. प्रत्येक चाकाला नट तीनच. एकेका ग्रॅमचा आणि रुपयाचा विचार केलेलं हे काम होतं. नॅनो बाजारात हरली, पण त्या चाकांमधली अभियांत्रिकी हरली नव्हती.

वजन घटवताना मजबुतीशी खेळ चालत नाही. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने अलॉय चाकांसाठी तयार केलेल्या मानकात एक आघात चाचणी आहे. टायर चढवलेलं चाक तिरकं, १३ अंशांच्या कोनात बसवतात आणि त्याच्या कडेवर ठरावीक वजनाचा ठोकळा वरून सोडतात. चाकाला आरपार तडा जाता कामा नये, चाकाचा मधला भाग रिमपासून सुटता कामा नये, हवा झटकन निघून जाता कामा नये. शिवाय वळणावरचा ताण देत चाक लक्षावधी फेरे फिरवून पाहतात. नावाजलेल्या ब्रँडची नक्कल करून विकल्या जाणाऱ्या रिम या यंत्राखाली कधी गेलेल्याच नसतात. वजनात हलक्या आणि भावात स्वस्त असलेल्या अशा रिमवर कुटुंबाला बसवणं हा शुद्ध अविचार आहे.

ज्याला चाक बदलायचंच आहे त्याने बाहेरचा व्यास आधी पाहावा. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो, वरच्याला १८५/६५ आर १५, आणि दोन्हींच्या व्यासात फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा. कंपनीने हिशेब करून ठेवलेला आहे. त्याऐवजी कुणी १५ इंची रिमवर १९५/६५ चढवला तर साध्या मॉडेलच्या मानाने व्यास अडीच टक्क्यांच्या आसपास वाढतो. स्पीडोमीटर शंभर दाखवताना गाडी खरं तर १०२ च्या पुढे असते. प्रत्येक गिअर तेवढाच लांब पडतो, म्हणून घाटात खेच कमी वाटते. किलोमीटरचा काटाही कमी मोजतो, त्यामुळे टाकी ते टाकी हिशेब करणाऱ्याला मायलेज खऱ्यापेक्षाही कमी दिसतं. टायर मडगार्डला घासतो की नाही हे स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि मागे माणसं बसवून पाहावं लागतं. आणि गाडी मूळ तपशिलाबाहेर गेली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा कंपनीचे प्रश्न आहेतच.

दुकानात जाताना दोन गोष्टी बरोबर न्याव्यात. एक, गाडीच्या दाराजवळ किंवा मॅन्युअलमध्ये छापलेले टायरचे साइझ आणि हवेचा दाब. कंपनीने तपासलेले पर्याय तिथे लिहिलेले असतात. दुसरी, साधा वजनकाटा. नव्या अलॉयच्या खोक्यावर वजन छापलेलं नसेल तर जुनी रिम आणि नवी रिम एकामागोमाग काट्यावर ठेवायला दुकानदाराला सांगावं, आणि नवी जड भरली तर ती घेण्याआधी पुन्हा विचार करावा.