रविवारची गोलंदाजी, बुधवारचा सराव

शनिवार-रविवारी सकाळी बंगळुरूमधील मैदाने गजबजलेली असतात. कंपन्या, बँका आणि सरकारी कार्यालये यांचे संघ वीस-वीस षटकांचे सामने खेळतात. यांतील बहुतेक खेळाडू आठवड्याचे इतर दिवस खुर्चीत बसून काम करणारे असतात. फलंदाजाचे त्यातून एक वेळ निभावते; गोलंदाजाचे निभावत नाही. रविवारी चार षटके टाकून सोमवारी कंबर धरून कामावर येणारा सहकारी अनेक कार्यालयांच्या परिचयाचा असतो. हौशी गोलंदाजाला सराव किती हवा आणि सामन्यापूर्वी अंग मोकळे करण्यास किती वेळ द्यावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ बळींच्या संख्येचा नसून प्रकृतीचाही आहे.

शरीरावरील भार

वेगवान गोलंदाज चेंडू सोडण्याच्या क्षणी पुढचा पाय जमिनीवर जोराने रोवतो. त्या वेळी पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट किंवा त्याहूनही अधिक भार येतो. त्याच क्षणी पाठीचा कणा मागे व बाजूला वाकतो आणि पिळलाही जातो. चार षटकांत हे २४ वेळा घडते. हौशी गोलंदाजाचा वेग कमी असल्याने त्याच्यावरील भार कमी असतो, परंतु तो पेलणारे स्नायूही तितके तयार नसतात.

पूर्णवेळ खेळाडूंचीही यातून सुटका नाही. कर्नाटकाचे जवागल श्रीनाथ यांना खांद्याच्या दुखापतीमुळे १९९७ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यास मुकावे लागले होते. बंगळुरूचेच प्रसिध कृष्णा आणि गुजरातचे जसप्रीत बुमराह या दोघांवर २०२३ मध्ये पाठीच्या दुखापतीसाठी शस्त्रक्रिया झाली. बंगळुरू येथे २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत त्यांनी पुढील तयारी केली. तेथे ते प्रथम जाळ्यातील सरावात पूर्ण जोमाने गोलंदाजी करू लागले, नंतर सराव सामन्यांची पायरी आली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आयर्लंडविरुद्ध दोघेही मैदानात परतले. भार पायरीपायरीने वाढवावा, हा त्यातील धडा हौशी खेळाडूलाही तेवढाच लागू आहे.

कमी सरावाचाही धोका

अति गोलंदाजीने दुखापत होते, हे सर्वांना ठाऊक असते. अत्यल्प गोलंदाजीही धोक्याची असू शकते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. ऑस्ट्रेलियातील प्रथम श्रेणीच्या वेगवान गोलंदाजांविषयीचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या दोन गोलंदाजी-दिवसांतील सरासरी अंतर दोन दिवसांहून कमी होते, त्यांना दुखापतीचा धोका अधिक आढळला. परंतु ज्यांचे अंतर पाच दिवस किंवा त्याहून जास्त होते, त्यांनाही तो अधिक आढळला. आठवड्याला १२३ ते १८८ चेंडू टाकणाऱ्यांच्या तुलनेत त्याहून कमी व त्याहून जास्त चेंडू टाकणारे, असे दोन्ही गट अधिक धोक्यात असावेत, असेही त्यातून सूचित झाले.

हौशी खेळाडूने आठवड्याला दीडशे चेंडू टाकावेत, असा याचा अर्थ नव्हे. अभ्यास व्यावसायिक खेळाडूंचा होता. तथापि केवळ रविवारी खेळणाऱ्याचे अंतर सात दिवसांचे असते, ही बाब विचार करण्याजोगी आहे. हाडे व स्नायुबंध यांची ताकद नियमित, मध्यम भारानेच वाढते आणि भार थांबला की ओसरू लागते. आवर्ती ठेवीप्रमाणे येथेही हप्ता लहान असला तरी चालतो. तो चुकता कामा नये.

सरावाचे साधे वेळापत्रक

रविवारी सामना असल्यास बुधवारी सुमारे २४ ते ३० चेंडूंचा एक सराव करावा. त्यामुळे सात दिवसांचे अंतर तीन आणि चार दिवसांत विभागले जाते. मैदान उपलब्ध नसेल, तर मोकळ्या जागेत आखूड धाव घेऊन कमी वेगाने चेंडू टाकले तरी उपयोग होतो; सिमेंटच्या कठीण जमिनीवर मात्र पूर्ण वेगाने गोलंदाजी करू नये. आणखी एक-दोन दिवस कंबर, पोट आणि खांदे यांचे व्यायाम पंधरा-वीस मिनिटे करावेत.

पावसाळ्यात अनेक आठवडे खेळ बंद राहिल्यावर पहिल्याच सामन्यात चार षटके टाकण्याचा मोह टाळावा. पहिल्या आठवड्यातील सरावात निम्म्या वेगाने १२ चेंडू, पुढे दर आठवड्याला एक षटक अधिक, असे चौथ्या आठवड्यात पूर्ण वेगापर्यंत पोहोचावे. फिरकी गोलंदाजाच्या पाठीवर ताण कमी असला, तरी खांदा व बोटे यांना याच क्रमाची गरज असते. शिवाय टप्प्यावरील नियंत्रण नियमित सरावाविना टिकत नाही.

सामन्यापूर्वीची पंधरा मिनिटे

बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीतील सकाळी तेथे चांगलाच गारवा असतो. अशा वेळी वॉर्म-अपला पंधरा ते वीस मिनिटे द्यावीत. प्रथम पाच मिनिटे हलके धावून अंगात ऊब आणावी. त्यानंतर पाच मिनिटे पाय झुलवणे, कंबर वळवणे, हात गोलाकार फिरवणे अशा हालचाली कराव्यात. एकाच स्थितीत दीर्घकाळ स्नायू ताणून धरल्यास त्यांचा जोर तात्पुरता घटतो, म्हणून तसा ताण सामन्यानंतर द्यावा. शेवटी दहा-बारा चेंडू टाकावेत. पहिले दोन-चार उभ्यानेच, पुढचे आखूड धाव घेऊन व अखेरचे दोन-तीन पूर्ण वेगाने.

सीमारेषेवर तासभर उभे राहिल्यावर दुसऱ्यांदा चेंडू हाती येतो, तेव्हा अंग पुन्हा थंडावलेले असते. आपले षटक येण्यापूर्वी थोडे धावून व हात फिरवून घ्यावेत.

एकाच बाजूची कंबरदुखी गोलंदाजी करताना वाढत असेल, तर मलम लावून खेळत राहू नये. गोलंदाजी थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. पाठीच्या हाडाला गेलेली सूक्ष्म चीर भरून येण्यास काही महिने लागतात. त्या मानाने बुधवारची अर्धा तास आणि रविवारची पंधरा मिनिटे ही फार मोठी किंमत नव्हे.