मिरजेची सतार आणि तानपुरा

मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा ही महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील मिरज शहरात हाताने घडवली जाणारी तंतुवाद्ये आहेत. या दोन्ही वाद्यांना ३० मार्च २०२४ रोजी भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. गावाचे नाव हीच येथे वाद्याच्या दर्जाची खूण मानली जात असल्याने, ते नाव कोणी वापरावे हा प्रश्न कारागिरांच्या उपजीविकेशी व ग्राहकांच्या विश्वासाशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

मिरजेतील वाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सुरू झाली. फरीदसाहेब शिकलगार हे तिचे प्रवर्तक मानले जातात. शिकलगार समाजाचा मूळ व्यवसाय शस्त्रे घडवण्याचा व त्यांना धार लावण्याचा होता. शस्त्रांची मागणी घटल्यावर या घराण्यातील कारागीर तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि पुढे निर्मितीकडे वळले. मिरज संस्थानात संगीताला आश्रय होता. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचे वास्तव्यही मिरजेत होते. गायक-वादकांचा असा सहवास लाभल्यामुळे कारागिरांना आपल्या कामातील गुणदोष तत्काळ समजत. अनेक कुटुंबांत ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

घडण

वाद्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून, तर लाकूड मुख्यत्वे कर्नाटकातून आणले जाते. हा भोपळा खाण्याच्या भोपळ्याहून निराळा असून त्याची साल जाड व कठीण असते. तो पूर्ण वाळवून, कापून, पाण्यात भिजवून हव्या त्या आकारात बसवला जातो. त्यावर लाकडी तबली बसवतात आणि दांडी जोडतात. तारांचे कंपन घोडीवाटे तबलीला मिळते व भोपळ्याच्या पोकळीत त्याचा नाद भरतो. त्यामुळे भोपळ्याची जाडी, लाकडाचा सुकेपणा आणि तबलीचा पातळपणा यांवर वाद्याचा आवाज अवलंबून असतो.

अखेरचे व सर्वांत नाजूक काम म्हणजे जवारी लावणे. घोडीचा पृष्ठभाग कानशीने किंचित उतरता घासला जातो. तार त्यावर हलकेच घासत कंप पावते आणि तिच्यातून उपस्वर उमटतात. हा उतार किती ठेवावा हे कारागीर कानाने ठरवतो. नैसर्गिक भोपळे एकसारखे नसल्याने प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

नावाचा वापर आणि मानांकन

मिरजेच्या नावलौकिकामुळे अन्यत्र तयार झालेली वाद्येही मिरजेची म्हणून विकली जाऊ लागली. अशा वाद्यांविषयीच्या तक्रारी मिरजेतील कारागिरांपर्यंत येत असत. परिणामी २०२१ मध्ये मानांकनासाठी अर्ज करण्यात आला. सतारीचे मानांकन मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर या संस्थेला, तर तानपुऱ्याचे सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्युसर फर्म या संस्थेला मिळाले. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार अशी नोंदणी दहा वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. सोलापुरी चादरीलाही याच कायद्याचे संरक्षण आहे.

विद्युत गिटारशी तुलना

विद्युत गिटारच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे. तेथे नाममुद्रा कंपनीच्या मालकीची असते आणि उत्पादन कोणत्याही देशात हलवता येते. अमेरिकेच्या फेंडर कंपनीने स्क्वायर या नावाच्या गिटार १९८२ पासून प्रथम जपानमध्ये बनवून घेतल्या. पुढे हे उत्पादन कोरिया, चीन, इंडोनेशिया आदी देशांत गेले. गिब्सन कंपनीच्या एपिफोन गिटारही चीनमधील चिंगदाओ येथे तयार होतात. त्यामुळे 'चिनी बनावट' म्हणजे नक्कल, असे समीकरण मांडता येत नाही. मूळ कंपनीच्या अनुमतीने झालेले उत्पादन आणि तिचे नाव चोरून केलेली नक्कल या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विद्युत गिटारमध्ये पोलादी तारेचे कंपन चुंबक व तारेची गुंडाळी असलेला पिकअप टिपतो आणि ध्वनिवर्धक ते मोठे करतो. लाकडाचे भाग संगणक-नियंत्रित यंत्रांनी एकसारखे कापता येतात. म्हणून देश बदलला तरी चांगली गिटार बनू शकते. स्वस्त गिटारमध्ये काटकसर होते ती बहुधा पिकअप, खुंट्या, पडद्यांच्या कडा घासणे आणि अंतिम तपासणी यांत. यावरून गुणवत्तेचा संबंध केवळ देशाशी नसून, ठरवलेल्या किमतीत कोणते काम केले व कोणते टाळले याच्याशी आहे, हे लक्षात येते.

मर्यादा

भौगोलिक मानांकन वाद्याचे मूळ आणि निर्मितीची पद्धत यांची ग्वाही देते. प्रत्येक नगाचा नाद उत्तम असेलच, असे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी दांडी सरळ आहे का, तबलीला चीर नाही ना, खुंट्या घसरत नाहीत ना आणि जवारी सर्व तारांवर सारखी बोलते का, हे पाहिले जाते. तानपुऱ्याच्या चारही तारांचा नाद सारखाच लांबणे आवश्यक मानले जाते. ही पारख जाणकार वादकाकडून करून घेण्याची पद्धत आहे.