स्प्रिंग घट्ट करण्यापूर्वी

मोटारसायकलीच्या पुढच्या फोर्कमधील स्प्रिंग बदलणे हे गॅरेजवाल्याचे काम. त्यावर महाविद्यालयाच्या अंकात लेख कशाला, असे वाचकांना वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात या स्प्रिंगांपायी आमच्या आप्पांचे मनगट मोडले आणि त्यात चूक माझी होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची गाडी बारा वर्षांची. ब्रेक दाबला की पुढून खाली वाकायची, खड्ड्यात गेली की ‘खट्‌’ असा आवाज यायचा. मी ती एका गॅरेजात नेली आणि ऐटीत सांगितले, “पुढचे एकदम घट्ट करून टाका.” त्यांनी दोन्ही स्प्रिंगांवर ४० मि.मी. लांबीचे पाइपाचे तुकडे बसवले. गाडी वाकायची थांबली, मी खूश! आठच दिवसांनी खानापूर रस्त्यावर पिरनवाडीच्या पुढे ओल्या वळणावर पुढचे चाक निसटले आणि आप्पा पडले.

असे का झाले? फोर्कच्या प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. आत स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग भार पेलते, तेल तिची उसळी आवरते. तेलाने उसळी आवरणारा असा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आपल्या आर १२ गाडीला बसवला. तत्त्व आजही तेच आहे.

आता रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलेला नियम आठवू या. स्प्रिंग भाराच्या प्रमाणात दबते. सोपा हिशेब म्हणून समजा, दोन्ही स्प्रिंगा मिळून १ मि.मी. दाबायला १ किलो भार लागतो आणि स्वारासह त्यांच्यावर ६० किलो भार येतो. म्हणजे स्प्रिंग एकंदर ६० मि.मी. दबणार. झाकण आवळतानाच ती २५ मि.मी. दबलेली असेल, तर स्वार बसल्यावर गाडी ३५ मि.मी. खाली बसेल. फोर्कची चाल १२० मि.मी. असल्यास हे योग्यच. साधारणपणे चालीच्या पाव ते एक तृतीयांश इतकी गाडी बसावी.

जुनी स्प्रिंग १३ मि.मी. आखूड झाली, तर आगाऊ दाब १२ मि.मी.च उरतो आणि गाडी ४८ मि.मी. बसते. आमचे हेच झाले होते. त्यावर ४० मि.मी.चा तुकडा घातल्यावर बसण्याला उरले अवघे ८ मि.मी.! रस्त्यात खळगा आला की चाकाने खाली उतरून रस्ता धरायचा असतो. आमच्या चाकाला उतरायला जागाच नव्हती. आणि गंमत अशी, की तुकड्याने स्प्रिंग ताठ होत नाही. पुढच्या प्रत्येक मि.मी.ला १ किलोच लागतो. गाडीची फक्त उंची बदलते.

हे मला शिकवले उद्यमबागेतल्या एका वयस्क मिस्त्रींनी. पाना हातात घेण्याआधी ते म्हणाले, “मोदल अळती माड, तम्मा!” – आधी माप घे, बाळा. चाक अधांतरी असताना फोर्कच्या चकचकीत नळीचा उघडा भाग मोजायचा, मग स्वाराला बसवून पुन्हा मोजायचा. दोन्हींतील फरक म्हणजे गाडीचे बसणे.

मग काम सुरू झाले. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन इंजिनाखाली ठोकळा दिला, चाक अधांतरी केले. आधी नळी धरणारा वरच्या पट्टीचा बोल्ट सैल केला, मग माथ्याचे झाकण. शेवटच्या आट्यांना तळहाताने दाब द्यायचा आणि तोंड बाजूला ठेवायचे, कारण स्प्रिंग झाकण उडवते. जुन्या स्प्रिंगा काढून नव्यांशेजारी ठेवल्या तेव्हा त्यांचे आखूडपण डोळ्यांना दिसले. स्प्रिंगा नेहमी जोडीनेच बदलाव्यात. जुने तेल काढून गाडीच्या पुस्तिकेत दिलेले तेल दोन्ही पायांत सारख्या पातळीला भरले, फोर्क चार-सहा वेळा दाबून हवा काढली, नव्या स्प्रिंगा घालून आधी झाकण आणि मग पट्टीचा बोल्ट आवळला.

पुन्हा माप घेतले : ३६ मि.मी.!

पाइपाचा तुकडा घालणे मुळात चुकीचे नव्हते, १०-१२ मि.मी.चा घातला असता, तर जुन्या स्प्रिंगांवरही काही दिवस निभावले असते. चूक होती ती न मोजता ‘घट्ट करा’ म्हणण्याची. हूकचा नियम मी परीक्षेत दोनदा लिहिला होता, गुणही मिळाले होते. आप्पांचे मनगट आता बरे आहे, पण गाडीची किल्ली देताना ते अजून विचारतात, “मोजलंस का रे?”