पायवाटेचे पाहुणे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला मळवली गाव केव्हा आले आणि केव्हा मागे पडले, याचा पत्ताही लागत नाही. परंतु त्याच मार्गावरील पूल ओलांडून दक्षिणेकडील डोंगराच्या रोखाने पायी निघालेल्या माणसाला तोच प्रदेश पाहावयास सबंध दिवस अपुरा पडतो. वेगाने अंतर तुटते. पण त्याबरोबर पाहणेही तुटते. म्हणूनच वाहने विपुल झाली असतानाही पायी सहलीचे महत्त्व उणावलेले नाही.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील, म्हणजे सूर्य मावळतो त्या बाजूचा, हा डोंगराळ भाग मावळ या नावाने ओळखला जातो. मळवली स्थानकावर सकाळी उतरावे, भाजे गावाजवळील लेणी पाहावीत, लोहगड व विसापूर यांच्यामधील गायमुख खिंड गाठावी आणि लोहगडवाडीवरून गडावर जाऊन सायंकाळपर्यंत परतावे, अशी ही एका दिवसाची वाट आहे. आता वाडीपर्यंत मोटारीही जातात. तथापि हा प्रदेश समजून घ्यावयाचा असेल तर पायांसारखे दुसरे साधन नाही. यासाठी आश्विन महिना उत्तम. पाऊस ओसरू लागलेला असतो आणि उतारांवर सोनकीची पिवळी फुले पसरलेली असतात.

चालता चालता प्रथम डोंगरांचे पायऱ्यापायऱ्यांचे रूप ध्यानात येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या शिलारसाचे थर एकावर एक साचले आणि त्यांतून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. मऊ थर झिजले, कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले. याच पाषाणात इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून भाजे येथील लेणी कोरली गेली. येथील चैत्यगृहाचे खांब आतील बाजूस किंचित कललेले असून छताला लाकडी फासळ्या आहेत. दगडात काम करणाऱ्या कारागिरांसमोर लाकडी इमारतीचा नमुना होता, हे त्यावरून कळते. लेण्यांजवळ पाण्याची टाकी कोरलेली आहेत, आणि असे टाके दान केल्याचा उल्लेख तेथील एका शिलालेखात सापडतो. वाटसरूची तहान भागविणे हे या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीही पुण्यकर्म मानले जात होते.

लेणी उतरून पुढे निघाले की भाताची खाचरे लागतात. उतारावरील जमीन बांधांनी अडवून केलेले हे सपाट तुकडे एकाखाली एक असतात, व वरच्या खाचरातील पाणी खालच्या खाचरात सोडलेले असते. भात निसवून दाणा भरत असताना या पाण्याची फार गरज असते. मातीचा बांध दिसावयास भक्कम, पण ओलाव्याने मऊ झालेला असतो. तीस-चाळीस जणांनी त्याच्या कडेवरून धावाधाव केली, तर तो खचतो आणि पाणी वाहून जाते. चालणाऱ्याला ती क्षणाची मौज वाटते; शेतकऱ्याच्या मात्र राब भाजण्यापासून लावणीपर्यंतच्या सर्व कष्टांवर पाणी पडते. म्हणून खाचरातून जाताना मळलेली वाट सोडू नये, एका रांगेत चालावे, आणि पाऊल चुकून बांध ढासळलाच, तर न लपविता घरधन्यास सांगावे.

गटाने चालण्याचेही एक शास्त्र आहे. सशक्त मुले पुढे धावत जातात, झाडाखाली विसावा घेतात, आणि मागे राहिलेला दमून तेथे पोहोचतो न पोहोचतो तोच उठून चालू लागतात. परिणामी ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ती सर्वांत कमी मिळते. तो निमूटपणे चालत राहतो, अंतर वाढत जाते, आणि वाटेला फाटा फुटला की तो चुकतो. यावर उपाय सोपा आहे. सावकाश चालणाऱ्यास पुढील भागात ठेवावे, वाट जाणणारा एक जण सर्वांपुढे व एक जबाबदार जण सर्वांमागे असावा, प्रत्येक फाट्यावर मागील मंडळी दिसेपर्यंत थांबावे, आणि विसाव्याच्या ठिकाणी मोजदाद करावी. गटाची चाल ही त्यातील शेवटच्या माणसाची चाल होय. वाट चुकलेल्याला अंधारात शोधावयास अनेकदा गावकऱ्यांनाच हातचे काम टाकून डोंगर तुडवावा लागतो, हेही विसरता कामा नये.

लोहगडवाडीतून पायऱ्या चढून गडावर गेले की सुमारे १,०३० मीटर उंचीवरून दक्षिणेकडे पवना धरणाचा जलाशय दिसतो. हा गड शिवाजी महाराजांनी स्वराज्यात आणला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, आणि १६७० साली पुन्हा जिंकून घेतला. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याची गणना आहे. परंतु यादीत गडाचे नाव आल्याने त्याची निगा आपोआप राहत नाही. माथ्यावर टाकलेला कागद वाऱ्याने उडून खालच्या शेतात जातो, आणि टाक्यात धुतलेल्या हातांची घाण त्याच पाण्यात राहते.

दुपारी तीनच्या सुमारास उतरणीस लागावे, म्हणजे उजेडातच स्थानक गाठता येते. परतीच्या वाटेवर एखाद्या ओसरीवरून कोणी पाण्याचा तांब्या पुढे करते. ते पाणी बहुधा त्या घरातील बाईने दुरून वाहून आणलेले असते. ते हवे तेवढेच घ्यावे, सांडू नये, आणि तांब्या आदराने परत द्यावा. डोंगरातील पायवाट कोणाच्या मालकीची दिसत नाही, तरी गुरे नेणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या व शाळेत येणाऱ्या गावकऱ्यांच्या पावलांनीच ती मळलेली असते. शहरातून आलेला प्रवासी तिच्यावरचा एका दिवसाचा पाहुणा होय. ज्या पाहुण्याच्या पुन्हा येण्याची घर वाट पाहते, तोच चांगला पाहुणा.