गप्पा मारणारे आजोबा गप्प का झाले?

आपल्या घरातील आजोबा किंवा आजी अलीकडे सायंकाळच्या बैठकीला जाईनासे झाले आहेत का? विचारले तर ‘कंटाळा येतो’ एवढेच उत्तर मिळते आणि ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून आपणही विषय सोडून देतो. तो सोडू नये, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल यांच्या मधोमध खांदेश्वर स्थानक आहे. त्याच्या एका अंगाला कामोठे, दुसऱ्या अंगाला खांदा कॉलनी. सिडकोने आखलेल्या या वसाहतींत अनेक ज्येष्ठ उतारवयात राहावयास आले. कोणी मुंबईतील चाळ सोडून, कोणी गावचे घर बंद करून मुलानातवंडांजवळ. चाळीत दार उघडले की शेजारी भेटत असे, गावात ओटा असे. सदनिकेचे दार मात्र दिवसभर बंद. म्हणून खांदेश्वराच्या मंदिराजवळ, तलावाकाठी किंवा इमारतीखालच्या बाकावर समवयस्कांनी तासभर एकत्र बसणे, याचे मोल येथे अधिक आहे.

या बैठकीत बोलले तरी काय जाते? आज पाणी किती वाजता आले, लोकलला गर्दी कशी होती, भाजी काय भावाने मिळाली, गुडघा काय म्हणतो. ऐकणाऱ्याला हे निरर्थक वाटेल. मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याचे मर्म सांगितले होते. त्यांच्या मते या संभाषणाचा हेतू माहिती देणे हा नसतोच. परस्परांतील बंध जोडून ठेवणे हा असतो. ‘काय, जेवण झाले का?’ असे आपण विचारतो तेव्हा ताटात काय होते हे कोणाला जाणून घ्यायचे असते? ‘तुमच्याकडे माझे लक्ष आहे’ एवढाच त्याचा अर्थ.

या बंधाचा आरोग्याशी थेट संबंध आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते, त्यांची अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके नोंदविले. त्यांत उच्च रक्तदाब व मधुमेह यांच्याबरोबरच एकाकीपणाचे जिणे, नैराश्य, बहिरेपणा आणि दृष्टिदोष यांचाही समावेश आहे.

यांतील बहिरेपणाकडे कुटुंबीयांनी विशेष लक्ष द्यावे. वार्धक्यात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. आवाज कानावर पडतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी अक्षरे निसटतात आणि शब्द कळत नाही. घरात समोरासमोर बसून बोलताना हा दोष झाकला जातो. रहदारीच्या आवाजात चारपाच जण एकदम बोलू लागले, की तो उघडा पडतो. मग आजोबा दोनदा ‘काय?’ म्हणून विचारतात. तिसऱ्यांदा विचारण्याचा संकोच वाटतो. इतर हसले की तेही हसतात, आणि काही दिवसांनी बाकावरची त्यांची जागा रिकामी राहते. त्यांना कंटाळा आलेला नसतो. त्यांना ऐकू येत नसते, आणि ते सांगण्याची लाज वाटत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढील एकचतुर्थांशाहून अधिक व्यक्तींना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारा बहिरेपणा असतो. कधी कानात मळ साचल्याएवढे साधे कारणही असते. म्हणून कान, नाक व घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

गप्प होण्याची कारणे इतरही असतात. लघवीवर ताबा राहत नसल्याने बाहेर तासभर बसण्याची धास्ती वाटते. नवी कवळी बोलताना सैल होते. जोडीदाराच्या निधनानंतर मन कशात रमत नाही. हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, झोप आणि भूकही मंदावली, तर नैराश्याचा विचार करावा लागतो. थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही माणूस मंदावतो. ओळखीची नावे वारंवार आठवेनाशी झाल्यामुळेही काही जण संभाषण टाळू लागतात. यांतील बहुतेक कारणांवर उपाय आहेत. त्यासाठी डॉक्टरांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. मात्र बोलणे अकस्मात अडखळू लागले, तोंड वाकडे झाले किंवा एका हातातील बळ गेले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ज्येष्ठ वाचकहो, आपल्याकडेही एक काम आहे. सोबती चार दिवस दिसला नाही, तर दूरध्वनी करा. त्याला आपल्या चेहऱ्याकडे पाहता येईल अशा जागी बसवा. ओरडण्याऐवजी सावकाश, स्पष्ट बोला, आणि एका वेळी एकानेच बोला. गुडघ्यांमुळे जिना उतरणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा बैठकच घेऊन जा. व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचे आयते चित्र पुढे ढकलण्यापेक्षा ‘आज नाश्त्याला काय केले?’ एवढे आपल्या आवाजात विचारले, तर उत्तर देणाऱ्याचा सूरही कळतो. तेथे आलेला औषधोपचाराचा सल्ला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अमलात आणू नये.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, औषधांच्या वेळा आपण जशा सांभाळता, तशीच ही सायंकाळची वेळही सांभाळा. आज बाबा परत आले, की ‘गेला होतात का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘कोण कोण आले होते, काय बोलणे झाले?’ असे विचारा. उत्तर तपशीलवार आले तर निश्चिंत राहा. ‘काही विशेष नाही’ असे उत्तर आठवडाभर येत राहिले, तर जवळ बसून हळुवारपणे विचारा, ‘बाबा, सगळ्यांचे बोलणे नीट ऐकू येते ना?’

ज्येष्ठांना मदत वा मार्गदर्शन हवे असल्यास १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे. मनावरील ताणासाठी ‘टेलीमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.