डोळ्यांचें कवच

सर्व इंद्रियांत नेत्रांचें मोल अधिक, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों; पण त्यांच्या रक्षणाची वेळ आली म्हणजे आपण किती बेफिकीर असतों! आमच्या परिचयांतील एक तरुण कारखान्यांत लेथवर काम करूं लागला, तेव्हां त्याच्या मातोश्रींनीं काळजीनें विचारलें, "बाळ, डोळे सांभाळतोस ना?" "आई, मला चष्मा आहेच कीं!" असें तो हंसून म्हणाला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

नेहमींचा चष्मा दृष्टिदोष घालविण्यासाठीं असतो, आघात झेलण्यासाठीं नव्हे. त्याच्या बाजू उघड्या; आणि कांच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यांत जाण्याचें भय. लेथवरून उडालेली पोलादाची बारीक कणी डोळ्यांत शिरली तरी कधीं कधीं फारशा वेदना होत नाहींत. पण आंत राहिलेलें लोखंड विषासारखें दृष्टिपटलास बाधतें आणि हळूहळू दृष्टि हिरावून नेतें.

मग खरा संरक्षक चष्मा ओळखावा कसा? अमेरिकेच्या 'झेड ८७.१' या मानकाप्रमाणें साध्या आघाताच्या परीक्षेंत १ इंच व्यासाची पोलादी गोळी ५० इंचांवरून भिंगावर सोडतात. जबर आघाताच्या परीक्षेंत पाव इंचाची गोळी दर सेकंदास १५० फूट वेगानें मारतात. या दुसऱ्या परीक्षेस उतरलेल्या चष्म्यावर 'झेड ८७' पुढें अधिकाचें चिन्ह असतें. खूण भिंग व चौकट या दोहोंवर हवी. भिंग टिकलें आणि चौकट मोडली, तर उपयोग काय? आपल्याकडेहि 'आय. एस. ५९८३' हें मानक आहे. आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमांत पडदे वा गॉगल यांची तरतूद होती.

तरीहि एकच चष्मा सर्व संकटांस पुरत नाहीं. आम्ल उडण्याचें भय असेल तेथें चोहोंकडून बंद गॉगल हवा. वेल्डिंगला योग्य गडद भिंग हवें. रसायन डोळ्यांत गेलेंच तर तत्काळ स्वच्छ पाण्यानें निदान १५ मिनिटें डोळा धुवावा व डॉक्टरांकडे जावें. कणी रुतली असल्यास डोळा चोळूं नये, कणी स्वतः काढूं नये.

नंबराचीं भिंगें बसविलेले संरक्षक चष्मेहि मिळतात, हें आम्ही त्या तरुणास सांगितलें. पुढच्या भेटींत मातोश्रींनींच नवा चष्मा आमच्यापुढें ठेविला. "पाहा बरें, खूण आहे ना बरोबर?" त्यांनीं विचारलें. घरोघरीं हा प्रश्न विचारला जावा, एवढेंच आमचें मागणें आहे.