परसातली कोंबडी (लेखांक ४) : उबवणी तिची, जोपासना आपली

उबवणीची अंडी कशी निवडायची हे गेल्या आठवड्यात पाहिलं. ती उबवायला आता पन्नास अंड्यांची छोटी यंत्रंही सहज मिळतात, त्यामुळे पहिला खर्च त्यावरच करावासा वाटतो. दहा-पंधरा गावरान कोंबड्या पाळणाऱ्याने तो करू नये, असं माझं मत आहे. यंत्रात २१ दिवस सुमारे ३७.५ अंश तापमान टिकवावं लागतं, अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, शेवटचे तीन दिवस आर्द्रता वाढवावी लागते. मध्येच बराच वेळ वीज गेली तर सगळा घाणा धोक्यात येतो. खुडूक कोंबडी हे सारं फुकटात करते. तिच्या पोटाखालची पिसं गळतात आणि उघडी कातडी थेट अंड्यांना टेकते. कडेची अंडी ती चोचीने मध्ये ओढते, मधली कडेला सारते. दाणापाण्यासाठी दिवसातून एकदा उठते, तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांच्या गारव्याने काही बिघडत नाही. सुधारित जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत हे खरं. पण त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवता येतात. एकीखाली दहा-बारा पुरेत.

खरी गळती सुरू होते ती पिल्लं बाहेर पडल्यावर. घार, मुंगूस, मांजर, अवकाळी गारठा आणि मानमोडी यांच्यापुढे आईचं फारसं चालत नाही. म्हणून यंत्राचे पैसे जाळी, बल्ब, पिल्लांचं खाद्य आणि लस यांवर खर्च करावेत. पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो. त्यावर ते दोन दिवस काढतं. त्यामुळे सगळी अंडी फुटेपर्यंत घाई नको. नंतर पिल्लं उबेच्या खोक्यात घ्यावीत. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. तापमापक नसला तरी पिल्लंच सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, चोच उघडी टाकून कडेला पळाली तर उकडतंय, सगळीकडे पांगून टिपत असली तर ठीक.

यावर आक्षेप येतो की टिपायला आईच शिकवते, खोक्यातली पिल्लं परावलंबी होतात. त्यात तथ्य आहे. पण पहिल्या महिन्यात पिल्लाला सुमारे वीस टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं. नुसती कणी आणि उकिरड्यावरचे किडे यांवर ते भागत नाही. शिवाय पिल्लांमागे फिरणारी आई दोन-अडीच महिने अंडी देत नाही. वीजच नसेल तर रात्री आईसकट डालग्याखाली आणि दिवसा जाळीत, हा मधला मार्ग आहे. पाच-सहा आठवड्यांनी पिसं भरली की पिल्लं मोकळी सोडावीत. टिपायला ती तेव्हाही शिकतात.

दुसरा आक्षेप लशीचा. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंबभर घालायची असते. पण कुपी शेकडो पिल्लांना पुरेल एवढी असते आणि एकदा कालवली की काही तासांतच संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी ती कोण फोडणार? यावर एकट्याकडे उत्तर नाही, आळीकडे आहे. शेजारच्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात, लस बर्फात ठेवून एकदाच आणावी आणि त्याच सकाळी सगळ्यांची पिल्लं उरकावीत. तेव्हा पुढची कोंबडी खुडूक बसली की अंडी ठेवण्याआधी शेजारी विचारून या.